तीन स्पायडरमॅन आणि सातवीतला पोरगा: कोणाचं पाहून शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. ब्रह्मपुरीकडच्या एका गावातला तरुण शाळेच्या गॅदरिंगसाठी स्पायडरमॅनवर पंधरा मिनिटांची नाटुकली बसवतो आहे. मुख्य भूमिकेत सातवीतला मुलगा आहे. घरात तिघांची तीन मतं: मोठ्या भावाला टोबी मॅग्वायर हवा, याला स्वतःला अँड्र्यू गारफील्ड, आणि भाचा टॉम हॉलंडशिवाय कोणाला मानत नाही. त्याने विचारलं आहे, "तिघांत खरा स्पायडरमॅन कोणाचा? आणि पोराला कोणाचं पाहून शिकवू?"

भाऊ, तुम्ही एका दमात विचारलंत, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रेक्षकाचा: मला कोण आवडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा तुम्ही तो सिनेमा कितव्या वर्षी पाहिला यात असतं. तुमच्या मोठ्या भावाने मॅग्वायर शाळेत असताना पाहिला असेल. भाच्याला कळू लागलं तेव्हा टीव्हीवर हॉलंड होता. तो वाद मिटणार नाही, मिटवायची गरजही नाही. दुसरा प्रश्न बसवणाऱ्याचा आहे. एकच भूमिका तिघांनी केली, तर त्यात नटाचं स्वतःचं काम किती, ते ओळखायचं कसं आणि त्यातलं आपल्या पोराला काय देता येईल? मी या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

मी झाडीपट्टी रंगभूमीवरचा माणूस. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागली की रात्रभर चालणारी नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचं ठाणं. मंडळ्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. मी आधी अकरा हंगाम प्रॉम्प्टर होतो, म्हणजे विंगेतून नटाला वाक्यं पुरवणारा, मग नट झालो, आता नाटकं बसवतो. आमच्याकडे तालमी थोड्या आणि रोज गाव नवं, म्हणून प्रॉम्प्टरवर फार भिस्त असते. एकाच भूमिकेची तुलना करायला त्या जागेइतकी चांगली जागा मला माहीत नाही. वही तीच, वाक्य तेच, तेही माझ्याच तोंडून गेलेलं. समोरचा नट बदलला की त्या वाक्याचं काय होतं, ते मी विंगेतून पाहत आलो.

एका सामाजिक नाटकात थोरला मुलगा घर सोडून कोळशाच्या खाणीत कामाला निघतो. तो परत येणार नाही हे प्रेक्षकांना कळलेलं असतं, त्यालाही कळलेलं असतं, आईला मात्र नाही. जाताना त्याचं वाक्य एवढंच: "आई, माझं ताट झाकून ठेव." हे वाक्य मी तीन नटांना दिलं. पहिला भरदार, गळा असा की माइकची गरज पडू नये. त्याने वाक्य लोकांकडे तोंड करून टाकलं आणि टाळी घेतली. दुसरा त्या वाक्यावर रडायचा, अगदी खरं रडायचा. तिसरा किरकोळ अंगाचा. तो विंगेपर्यंत यायचा, थांबायचा, परत जाऊन माठावरचं सरकलेलं झाकण नीट बसवायचा आणि मग संध्याकाळी घरी येणारा माणूस बोलतो त्या सुरात ते वाक्य बोलायचा. वहीत झाकण नव्हतं, ते त्याने आणलं. पहिल्याच रात्री बायकांच्या बाजूने आवाज आला, "पोरगा खराच चालला वो!"

मला तिसरा सगळ्यांत मोठा नट वाटतो. पण एका गावी नाटक उशिरा सुरू झालं आणि तो प्रवेश पहाटे चारला आला. शाली पांघरून पेंगणाऱ्या लोकांना माठाचं झाकण दिसलंच नाही. त्या वेळी पहिल्याचाच गळा हवा होता. म्हणून कोण चांगला हे सांगताना कुठे, कधी, कोणासमोर हे जोडूनच सांगावं लागतं.

मराठी प्रेक्षकाला हा वाद नवा नाही. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले अप्पा बेलवलकर श्रीराम लागूंनी केले, दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, आणि कोणाचे अप्पा खरे यावर आमच्या आधीची पिढी भांडत आली. पण तिथे निदान चेहरा नटाचा, आवाज नटाचा, घामही नटाचाच. स्पायडरमॅनमध्ये तसं नाही. म्हणून तुमचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि म्हणूनच आधी जे नटाचं नाही ते बाजूला काढायला हवं.

पहिली गोष्ट आवाज. आपल्याकडच्या बहुतेकांनी हे सिनेमे टीव्हीवर हिंदीत पाहिले. तुमच्या घरातल्या भांडणात जो आवाज "माझा स्पायडरमॅन" म्हणून कानात बसला आहे, तो बहुधा हिंदी डबिंग करणाऱ्या कलाकाराचा आहे. त्या कलाकारांचं काम कमी नाही, पण तुलना करताना ते नटाच्या खात्यावर मांडता येत नाही. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटात हे स्वच्छ दिसतं. तो भारतात मराठीसह दहा भाषांत लागला. त्यातल्या पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनला इंग्रजीत करण सोनीचा आवाज आहे, तर हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिलचा. चित्र तेच, हालचाल तीच, आणि ऐकणाऱ्याच्या मनात माणूस निराळा. गारफील्डचं तर डबिंगमध्ये फार नुकसान होतं. तो वाक्य सुरू करतो, सोडतो, पुन्हा धरतो, शब्दावर अडखळतो. त्याचा पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा साधा पोरगा, त्या अडखळण्यातच आहे, आणि डबिंगमध्ये नेमकं तेच गुळगुळीत होऊन जातं. तुम्ही हिंदीत पाहूनही तुम्हाला गारफील्ड आवडला असेल, तर तुम्ही त्याचं शरीर वाचलंत असं मी समजतो.

दुसरी गोष्ट मुखवटा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये हे पात्र कॉमिकमध्ये आणलं, तेव्हा डिटकोने त्याचा चेहरा पूर्ण झाकला. बॅटमॅनची निदान हनुवटी आणि ओठ दिसतात, इथे कातडीचा एक ठिपका दिसत नाही. स्टॅन ली म्हणायचे की त्यामुळे त्या कपड्याआड कोणीही, कुठल्याही रंगाचा माणूस असू शकतो. तुमच्या सातवीतल्या पोरासाठी हे मोठं दान आहे. पण नटासाठी ती शिक्षा आहे, कारण डोळेसुद्धा गेले. मॅग्वायर आणि गारफील्डच्या मुखवट्याचे डोळे स्थिर आहेत. हॉलंडच्या मुखवट्याचे डोळे २०१६ पासून बारीक-मोठे होतात, म्हणजे मुखवट्यालाच भाव आहेत. भाचा म्हणत असेल की टॉमचा स्पायडरमॅन मुखवट्यातही बोलका वाटतो, तर त्याला सांगा की त्यातला बराचसा वाटा त्या डोळ्यांचा आहे.

उड्यांबद्दल फार लिहीत नाही. इमारतींमधून झोके घेणारा पुतळा बहुतेक वेळा संगणकावर तयार केलेला किंवा स्टंट करणाऱ्या माणसाचा असतो. त्यावरून नट जोखू नये.

कपडा नटाला कसा वळण लावतो याचं एक उदाहरण मात्र द्यायलाच हवं, ते बॅटमॅनचं. १९८९ च्या सिनेमात मायकेल कीटनला त्या रबरी पोशाखात मान वळवता येत नव्हती, म्हणून तो अख्ख्या धडाने वळायचा. लोकांना तीच त्याची ऐट वाटली. अडचणीतून ऐट काढली हे त्याचं कसब. पण ते पाहून कोणी मोकळ्या मानेच्या पोराला ताठ मानेने वळायला शिकवलं, तर ते चुकेल. नक्कल करण्याआधी ती हालचाल कुठून आली हे शोधावं.

आवाज, चेहरा, उड्या एवढं सगळं काढून घेतल्यावर नट उरतो कुठे? माझ्या मते सांध्यात. साधा माणूस जिथे नायक होतो आणि नायक जिथे पुन्हा साधा माणूस होतो, त्या दोन-तीन क्षणांत. एरवी उडणारा उडतो, मारणारा मारतो, त्यात एकापासून दुसरा ओळखायला फारसं काही नसतं.

सांधा म्हणजे काय ते पाहायचं असेल तर १९७८ चा सुपरमॅन बघा. ख्रिस्तोफर रीव्हचा. मुखवटा नाही, फक्त एक चष्मा. त्याला आवडणाऱ्या लोइसच्या घरी क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, उभा आहे, ती आतल्या खोलीत गेली आहे. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, खांदे मागे जातात, पाठ सरळ होते, उंची वाढल्यासारखी वाटते, आवाज खाली उतरतो. ती बाहेर येते आणि धीर सुटतो. खांदे पुन्हा पडतात, चष्मा नाकावर येतो, पोट थोडं पुढे. त्यात कसलीही करामत नाही, हे सगळं पाठीच्या कण्यावर केलेलं आहे. मी नव्या पोरांना हा प्रवेश आवाज बंद करून दाखवतो आणि कणा कधी हलला ते बोट दाखवून सांगायला लावतो. बहुतेक पोरं आधी चष्म्याकडे बोट करतात. तिसऱ्यांदा पाहिल्यावर खांद्याकडे.

आता तुमचे तिघे. वयाची एक बाब आधी सांगतो, कारण अंगाचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. स्वतःचा पहिला स्पायडरमॅनपट पडद्यावर आला तेव्हा मॅग्वायर सव्वीस वर्षांचा होता, गारफील्ड अठ्ठावीसचा, हॉलंड एकवीसचा, आणि तिघेही शाळकरी पोर करत होते. हॉलंडची निवड झाली तेव्हा तर तो एकोणीसचाच होता. त्याला वय करून दाखवावं लागलं नाही, बाकी दोघांना लागलं.

मॅग्वायरने ते वय ओझ्यातून आणलं. त्याचा पीटर खांदे पाडून चालतो, समोरच्याकडे खालून बघतो, आणि कोणी रागावलं की आधी माफी मागायला तोंड उघडतो. लोक २००४ च्या दुसऱ्या सिनेमातला रेल्वेचा प्रवेश आठवतात, आणि आठवावाच. मुखवटा उतरलेला आहे, दोन्ही हात जाळ्यांनी ताणलेले आहेत, धावती गाडी छातीवर घेतली आहे आणि चेहरा वेडावाकडा झाला आहे. त्या चेहऱ्याची पुष्कळांनी टर उडवली. मला तो चेहरा पूर्ण खरा वाटतो. पावसाळ्यात चिखलात रुतलेली बैलबंडी खांदा लावून उचलणारा माणूस तुम्ही जवळून पाहिला आहे, मीही पाहिला आहे. त्याचं तोंड सुंदर दिसत नसतं. मॅग्वायरने सुंदर दिसायचा हट्ट सोडला, म्हणून गाडी थांबल्यावर डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलून आत घेतात आणि हा तर पोरगाच आहे म्हणतात, तेव्हा आपल्याला पटतं.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यांत अवघड काम त्याच सिनेमात एका टेबलावर आहे. पीटरला वाढवणारी मे काकू समोर बसली आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या, बेन काकाच्या मरणात आपली चूक होती हे पीटर तिला सांगतो. तो चोराला अडवू शकत होता, त्याने अडवलं नाही. एकेक वाक्य तो घशातून ओढून काढतो. तिचा हात त्याच्या हातात असतो. ऐकता ऐकता ती हात काढून घेते, काही न बोलता उठते आणि जिना चढून जाते. रोझमेरी हॅरिस ही जुन्या रंगभूमीची बाई, तिचं जाणं अप्रतिम आहे. पण तिच्या जाण्यानंतर रिकामा राहिलेला हात मॅग्वायर तसाच टेबलावर ठेवतो. नवा नट असता तर त्याने तोंड झाकलं असतं.

गारफील्ड मला नट म्हणून तिघांत वरचढ वाटतो. हे माझं मत आहे, मोठ्या भावाने रागावू नये. त्याचं कारण मुखवट्याआडचं त्याचं शरीर. लांब हातपाय, मान एका बाजूला कलती, बोटं सतत काहीतरी शोधणारी. तो भिंतीवर बसला की कोळी बसल्यासारखा वाटतो, माणसाने कोळ्याचा वेश घेतल्यासारखा वाटत नाही. त्याचा मुखवट्यातला पोरगा थट्टेखोर, उद्धट, चोराला चिडवणारा आहे. मुखवटा काढला की तोच पोरगा बोलताना खाली बघतो. मुखवटा घातल्यावर धीट होणं हा मनुष्यस्वभाव आहे, आमच्याकडे दंडारीत, म्हणजे गावातल्या लोकनाट्यात, तोंडाला रंग लागला की लाजाळू माणूस कसा सुटतो हे ज्यांनी पाहिलं त्यांना ते सांगावं लागणार नाही. गारफील्डने ते नेमकं धरलं.

त्याच्या २०१२ च्या सिनेमात पुलावर लटकलेल्या जळत्या गाडीत एक लहान मुलगा अडकला आहे आणि भीतीने हलत नाही. स्पायडरमॅन काय करतो? स्वतःचा मुखवटा काढतो, चेहरा दाखवतो, आणि मुखवटा त्या मुलाला घालायला देतो: हा घातलास की बळ येईल. मुलगा तो घालतो आणि चढून वर येतो. एरवी जिवापाड लपवायची गोष्ट त्याने एका घाबरलेल्या पोरासाठी देऊन टाकली. तुमच्या नाटुकलीसाठी हा प्रवेश मनात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

गारफील्डची अडचण अशी की त्याला लिहून मिळालेला पीटर एकटा वाटत नाही. स्केटबोर्डवरून येणारा, दिसायला देखणा पोरगा, त्याला शाळेत कोण छळेल असा प्रश्न पडतो. ते ओझं मॅग्वायरला लिखाणातून मिळालं होतं. म्हणून मी असं म्हणतो की पूर्ण भूमिका मॅग्वायरला मिळाली आणि अपुऱ्या भूमिकेत जास्त काम गारफील्डने केलं. २०१४ च्या सिनेमात घड्याळाच्या मनोऱ्यात त्याची प्रेयसी ग्वेन त्याच्या हातून जाते, आणि सात वर्षांनी 'नो वे होम'मध्ये तशाच पडणाऱ्या दुसऱ्या मुलीला तो झेलतो. खाली टेकल्यावर ती सुखरूप आहे ना, हे तोच तिला विचारतो, आणि विचारता विचारता त्याचाच चेहरा फुटतो. दोन वाक्यांत त्याने जुन्या सिनेमाचं देणं फेडलं.

हॉलंडला "पोरकट" म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा मुलगा लहानपणी लंडनच्या रंगमंचावर 'बिली एलियट' या संगीत नाटकात मुख्य भूमिका करून आलेला, नाच आणि कसरत अंगात मुरलेली. त्याचं शरीर आनंदाने हलतं आणि त्याच्या पीटरला सगळं काही दाखवून द्यायचं असतं. मोठ्या माणसाने शाबास म्हणावं यासाठी तो धडपडतो. त्याचा सांधा 'होमकमिंग' या सिनेमात आहे. काँक्रीटच्या ढिगाऱ्याखाली अडकला आहे, अंगावर घरी शिवलेला कपडा आहे, आणि तो ओरडतो, मदतीसाठी, रडत. सुपरहिरो नाही, विहिरीत पडलेलं पोर ओरडतं तसं. मग डबक्याच्या पाण्यात अर्धा स्वतःचा चेहरा आणि अर्धा मुखवटा असं प्रतिबिंब त्याला दिसतं आणि तो स्वतःलाच हाक मारून उठवतो. ती पहिली किंकाळी खोटी असती तर पुढचं उठणं फुकट गेलं असतं. तसंच 'नो वे होम'चा शेवट. सगळं जग त्याला विसरलं आहे, कॉफीच्या दुकानात त्याची प्रेयसी समोर उभी आहे, सांगायचं सगळं कागदावर लिहून आणलं आहे. तिच्या कपाळावरची पट्टी बघतो आणि काही न सांगता निघून जातो. माठाचं झाकण नीट करणारा माझा तिसरा नट मला तिथे आठवला.

आणि त्याच सिनेमात तिघे एकत्र आहेत, म्हणजे तुलना करणाऱ्यासाठी एकाच रात्री तिन्ही मंडळ्यांचे नट एका मंचावर. संतापलेला हॉलंड शत्रूला मारायला हत्यार उगारतो आणि मॅग्वायर मध्ये येऊन ते धरतो. एक शब्द नाही. फक्त बघतो. तेव्हा मॅग्वायर शेहेचाळीस वर्षांचा होता आणि ते वय त्याने लपवलं नाही. नवख्या नटाला तिथे संवाद मागावासा वाटला असता. तिघे एकमेकांशेजारी उभे राहिले की दिसतं: एकाकडे पश्चात्ताप, दुसऱ्याकडे दुःख, तिसऱ्याकडे अजून न संपलेलं बालपण.

म्हणजे आतापर्यंतचं जुळवून सांगायचं तर: ओझं शिकायचं मॅग्वायरकडे, मुखवट्याआडचं अंग गारफील्डकडे, आणि न लाजता घाबरणं हॉलंडकडे. तरी पोराला यातलं काहीच आधी दाखवू नका.

हे मी चूक करून शिकलो. एका हंगामाच्या मध्यात आमचा मुख्य नट तापाने आडवा झाला. मी एका नव्या पोराला त्या नटाची प्रत्येक लकब शिकवली: छातीवर हात कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, मान कधी झटकायची. पोरगा हुशार, दोन दिवसांत हुबेहूब उचललं. प्रयोगाला लोक शांत बसले, आणि ती शांतता चांगली नव्हती. जुन्या नटाचं अंग जाड, त्याच्या छातीवर पडणारा हात ढोलासारखा वाजायचा. या पोराच्या बरगड्यांवर तो हात केविलवाणा दिसला. मी त्याला हात दिला होता, हाताचं कारण दिलं नव्हतं. पुढच्या गावी त्याला एवढंच सांगितलं की या क्षणी तुझ्या बापाची जमीन जाते आहे, आता तुला हाताचं काय करावंसं वाटतं ते कर. त्याने दोन्ही हात मागे बांधले. मला सुचलं नसतं.

तेव्हा भाऊ, मुलाला आधी नट दाखवू नका, प्रसंग सांगा. त्याला विचारा, तू कधी एखादी गोष्ट अडवू शकत होतास आणि अडवली नाहीस? सातवीच्या पोराकडे याचं उत्तर असतं. वर्गात कोणाला तरी मारलं, हा बघत राहिला. धुऱ्यावरून जाताना दुसऱ्याची बकरी धानाच्या बांधीत शिरलेली दिसली, हा बोलला नाही. बेन काकाची गोष्ट त्याला तिथून कळेल, न्यूयॉर्कमधून कळणार नाही.

अंगाचं काम तर तुमच्या गावात फुकट आहे. स्पायडरमॅनची ती प्रसिद्ध बैठक म्हणजे आपलं उकिडवं बसणं, एक हात जमिनीला टेकून. रोवणीच्या वेळी परे, म्हणजे धानाची रोपं, उपटताना, तलावाच्या काठावर गळ टाकून, आपली पोरं तासन्‌तास तशी बसतात. शहरातल्या नटाला ती बैठक शिकावी लागते, तुमच्या पोराला फक्त आठवण करून द्यावी लागेल. त्याला चिंचेच्या झाडावर चढताना बघा, कुठला हात आधी जातो ते बघा, आणि तेच मंचावर आणा. खुर्ची, बाक, टेबल वापरा. दोरीने लटकवू नका. पोराला इजा झाली तर गॅदरिंग तिथेच संपतं, आणि लटकलेला पोरगा तसाही फक्त दोरीकडेच लक्ष देतो.

पंधरा मिनिटांत जन्म, मरण आणि मारामारी सगळं कोंबू नका. मला विचाराल तर दोन सांधे पुरेत. पहिला, पोराने न अडवलेली गोष्ट आणि तिचा परिणाम. दुसरा, मुखवटा काढून घाबरलेल्या लहानग्याला देणं. त्या लहानग्यासाठी पहिली-दुसरीतलं एखादं पोर घ्या. गॅदरिंगला समोर सगळ्यांच्या आया आणि आज्या बसलेल्या असतात, सिनेमे कोणी पाहिले असतील, कोणी नाही. मुखवटा देणं कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मुखवटा शिवताना लाल होजिअरीचं जुनं बनियन चांगलं, अंगाला ताणतं. डोळ्यांना पांढरं जाळीदार कापड लावा आणि आतून स्वतः घालून मंचावर दहा पावलं चालून बघा, दिव्याच्या उजेडात समोरचं दिसतं का ते. तोंडावर कापड आलं की आवाज दबतो, म्हणून मुखवट्यात संवाद कमी ठेवा, जे बोलायचं ते उघड्या चेहऱ्याने. आणि तालमीच्या पहिल्या दिवसांत मुखवटा देऊच नका. पोरं तो मिळाला की काम सोडून उड्या मारतात. आधी चारेक दिवस त्याला नुसत्या चेहऱ्याने पीटर करू द्या, टेबलावर हात तसाच ठेवायला शिकवा. पाचव्या दिवशी मुखवटा द्या आणि त्याची मान कुठे वळते ते बघा. त्यानंतर हवं तर तिघांचे सिनेमे घरी एकत्र बसून पाहा, आवाज बंद करून.